वैचारिक निबंध पाठ का करावा लागतो? आपलं म्हणणं पटवून देणारं लेखन शाळेत कसं शिकवता येईल?

‘मोबाईल : शाप की वरदान?’ या विषयावर निबंध न लिहिता दहावी झालेला विद्यार्थी सापडणं अवघड आहे. आधीच्या पिढीला याच जागी ‘दूरदर्शन’ होतं, त्याच्याही आधी ‘विज्ञान’. विषय बदलत गेला, सांगाडा तोच राहिला. पहिल्या परिच्छेदात फायदे, दुसऱ्यात तोटे आणि शेवटी ठरलेलं वाक्य : प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, वापर कसा करायचा हे आपल्याच हातात आहे.

या निबंधात शुद्धलेखन बरोबर असतं, म्हणी असतात, सुरुवातीला एखादा सुविचारही असतो. नसतं ते एवढंच, की लिहिणाऱ्याला स्वतःला काय वाटतं आणि ते आपण का मान्य करावं. वैचारिक निबंधाचं तर तेच मुख्य काम आहे.

पटवून देणारं लेखन ही उपजत देणगी नाही. पोहणं किंवा सायकल चालवणं शिकवतात तसं ते टप्प्याटप्प्याने शिकवता येतं. कसं, ते समजून घेऊ.

दहावीच्या पेपरमध्ये हे लेखन कुठे येतं?

राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘मराठी कुमारभारती’ची लेखी परीक्षा ८० गुणांची असते. त्यातल्या उपयोजित लेखनाच्या विभागात शेवटी लेखनकौशल्याचा प्रश्न येतो. प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांपैकी एक लिहायचं असतं आणि त्याला ८ गुण असतात.

इंग्रजीच्या पुस्तकात याच कौशल्याचं ‘व्ह्यू-काउंटरव्ह्यू’ नावाचं भावंड आहे. एका विषयावरची एक बाजू दिलेली असते, विद्यार्थ्याने उलट बाजू मांडायची. औपचारिक पत्रातही मागणी किंवा तक्रार असतेच, म्हणजे तिथेही समोरच्याला पटवायचंच असतं.

थोडक्यात, अभ्यासक्रमात या लेखनाला जागा आहे. गाडी अडते ती ते वर्गात कसं पोहोचतं इथे.

मग अडचण नेमकी काय आहे?

बऱ्याच वर्गांत वैचारिक निबंध ‘लिहून दिला’ जातो. फळ्यावर मुद्दे येतात किंवा गाइडमधला निबंध सुचवला जातो. विद्यार्थी तो वहीत उतरवतो, पाठ करतो आणि परीक्षेत विषय थोडा वेगळा आला तर तोच निबंध वाकवून बसवतो.

शिक्षकांना दोष देऊन हात झटकता येणार नाहीत. एका तुकडीत साठ-सत्तर मुलं, चाळीस मिनिटांची तासिका, वर पोर्शन संपवायची घाई. प्रत्येकाचा वेगळा विचार वाचायला वेळ कुणाकडे आहे? सगळ्यांचा निबंध एकसारखा असेल तर तपासणं सोपं जातं.

याची किंमत पुढे मोजावी लागते. माझंच सांगतो. शाळेत माझ्या निबंधांना चांगले गुण असायचे. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ‘हाच सेन्सर का निवडला?’ मी दोन्ही सेन्सरचे फायदे-तोटे घडाघडा सांगितले. ते म्हणाले, ‘ते माहितीपत्रकात आहे. तुम्ही हा का घेतला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. फायदे लिहायचे, तोटे लिहायचे आणि मध्ये उभं राहायचं, एवढीच सवय मला लागली होती.

नोकरीची मुलाखत, कर्जाचा अर्ज, सोसायटीच्या बैठकीतला ठराव, ग्रामसभेतली मागणी; सगळीकडे प्रश्न हाच असतो. तुमचं म्हणणं काय आणि ते आम्ही का ऐकावं?

‘पटवून देणं’ म्हणजे काय काय करणं?

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये ‘द युजेस ऑफ आर्ग्युमेंट’ या पुस्तकात युक्तिवादाचे भाग सुटे करून दाखवले. आज अनेक देशांतल्या शाळा-कॉलेजांत लेखन शिकवताना ही मांडणी वापरली जाते. सोप्या मराठीत तिचे मुख्य भाग असे :

• दावा : माझं म्हणणं काय आहे?
• पुरावा : ते कशावरून?
• दुवा : या पुराव्यावरून तोच निष्कर्ष का निघतो?
• मर्यादा : हे नेहमीच खरं आहे, की बहुतेक वेळा?
• आक्षेप : समोरचा काय म्हणेल आणि त्यावर माझं उत्तर काय?

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. भारतीय न्यायदर्शनात अनुमान मांडण्याचे पाच अवयव सांगितले आहेत आणि त्याचं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं आहे. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं चुलीपाशी दिसतं, हे उदाहरण. या डोंगरावर तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. शिवाय आपलं मत मांडण्याआधी विरोधकाचं मत नीट मांडायचं, म्हणजे पूर्वपक्ष करायचा, ही शिस्तही जुन्या शास्त्रग्रंथांत दिसते.

आपल्या मुलांच्या निबंधात यातला दावा आणि पुरावा कधीकधी सापडतो. दुवा आणि आक्षेप जवळजवळ नसतातच. ‘मोबाईलमुळे डोळे बिघडतात, म्हणून शाळेत मोबाईल नको’ असं लिहिलेलं असतं. पण शाळेतल्या सहा तासांत मोबाईल बंद ठेवला आणि घरी पाच तास पाहिला तर डोळ्यांचं काय? हा प्रश्न विचारला की दुवा तुटलेला आहे हे मुलाला स्वतःलाच दिसतं.

शाळकरी वयात असं लिहिता येतं का?

येतं, आणि त्याचा भक्कम पुरावा मराठीतच आहे. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापून आला. लिहिणारी होती मुक्ता साळवे, जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेतली विद्यार्थिनी. तिचं वय तेव्हा साधारण चौदा वर्षांचं मानलं जातं, म्हणजे आजच्या आठवी-नववीतलं.

हा निबंध आपण सहसा इतिहास म्हणून वाचतो. तो युक्तिवाद म्हणून वाचला तर त्याची ताकद आणखी कळते.

वेदांवर फक्त आमचाच हक्क, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं ती आधी खरं धरून चालते. मग त्यातून काय निघतं ते दाखवते. तसं असेल तर आमच्याकडे धर्मपुस्तकच नाही हे उघड झालं, आणि धर्मपुस्तक नाही तर आम्ही धर्मरहित ठरलो. मग आमचा धर्म कोणता, हे देवानेच सांगावं. विरोधकाचंच विधान घेऊन त्याला अडचणीत आणण्याची ही पद्धत आहे. मुक्ताने ती वापरली तेव्हा तिला शाळेत येऊन फारतर काही वर्षं झाली होती.

पुढे ती पुरावे देते. पेशवाईत आपल्या लोकांना कशी वागणूक मिळाली ते सांगते. बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या बायकांचे हाल सांगते. इथे भावना आहेच, पण ती पाहिलेल्या, ऐकलेल्या तपशिलांतून येते. आणि शेवटी ती आपल्याच समाजाकडे वळून शिकण्याचं आवाहन करते. म्हणजे वाचकाने काय करावं, हेही निबंधात आहे.

दावा, पुरावा, विरोधी बाजू आणि आवाहन असं सगळं त्यात आहे. ‘नाण्याच्या दोन बाजू’ मात्र नाहीत. कारण तिला खरोखर काहीतरी म्हणायचं होतं, आणि ती कुणाला उद्देशून बोलते आहे हे तिला माहीत होतं.

वर्गात सुरुवात कुठून करायची?

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज हिलॉक्स यांचं उत्तर होतं : निबंधाच्या विषयापासून नको, कोड्यापासून करा.

त्यांच्या २०११ च्या पुस्तकातला एक धडा शिक्षकांमध्ये प्रसिद्ध आहे. मुलांना एक चित्र दाखवतात. जिन्यावर एक माणूस पाठीवर मरून पडला आहे आणि त्याच्या हातात ग्लास तसाच आहे. बायकोचं म्हणणं, तो आणखी एक पेय घ्यायला खाली येत होता आणि पाय घसरून पडला. ती खरं बोलते आहे का?

मुलं लगेच तुटून पडतात. ‘ती खोटं बोलतेय!’ शिक्षक फक्त एवढंच विचारतात, ‘कशावरून?’ ‘ग्लास हातात आहे.’ ‘त्याने काय होतं?’ ‘सर, पडणारा माणूस हातातली वस्तू सोडतो ना, आधार शोधायला!’

या तीन वाक्यांत दावा, पुरावा आणि दुवा तिन्ही येऊन गेले. मुलांना हे शब्द नंतर सांगितले तरी चालतात.

आपल्याकडे खून नको असेल तर साधी गोष्टही चालेल. समजा, वर्गाच्या खिडकीची काच फुटली आहे. मैदानावर खेळणाऱ्या मुलांच्या चेंडूने ती फुटली असं सगळे म्हणतात. पण बहुतेक तुकडे बाहेरच्या बाजूला पडले आहेत आणि वर्गात चेंडू सापडलेला नाही. दोष कुणाचा? धक्का ज्या बाजूने बसतो, त्याच्या पलीकडे जास्त तुकडे पडतात, हा दुवा मुलं स्वतः शोधतात. मग एखादी मुलगी म्हणते, ‘पण आतले तुकडे कुणी झाडून काढले असतील तर?’ हा झाला आक्षेप. आता त्याला उत्तर द्यायला हवं, किंवा ‘बहुधा’ हा शब्द लिहायला हवा. म्हणजे मर्यादाही आली.

अशा दोन-तीन कोड्यांनंतर निबंधाचा विषय दिला, तर तोंडातून पहिला प्रश्न ‘कशावरून?’ हाच येतो.

वाक्यच नीट लिहिता येत नसेल तर?

इथे न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडच्या न्यू डॉर्प हायस्कूलचा अनुभव उपयोगी आहे. ही शाळा निकालात मागे होती. शिक्षकांनी कारण शोधलं तेव्हा लक्षात आलं, की मुलांना माहिती असते, पण दोन विचार जोडणारे शब्द वापरता येत नाहीत. ‘जरी… तरी’ अशा रचनेचं वाक्य पूर्ण करतानाच अनेक जण अडखळत होते.

मग ज्युडिथ हॉकमन यांच्या पद्धतीने विज्ञान, इतिहास अशा जवळजवळ सगळ्याच विषयांत लेखनाचा सराव सुरू झाला. इंग्रजी भाषेच्या राज्यस्तरीय परीक्षेत उत्तीर्ण होण्याचं प्रमाण २००९ मध्ये ६७ टक्के होतं, ते २०११ मध्ये ८९ टक्क्यांवर गेलं. ‘द अटलांटिक’ मासिकाने २०१२ मध्ये यावर मोठा लेख केला आणि ही पद्धत गाजली. एका शाळेच्या निकालावरून सगळं श्रेय एकाच उपायाला देता येत नाही, हे खरं. पण त्यातला एक सराव इतका सोपा आहे, की तो उद्याच्या तासाला करून पाहता येईल.

एकच विधान तीन प्रकारे पूर्ण करायचं : कारण, पण, म्हणून.

• आमच्या गावात पाणी रोज येत नाही, कारण टाकी भरायला वीज लागते आणि ती ठरावीक वेळीच असते.
• आमच्या गावात पाणी रोज येत नाही, पण नळपट्टी मात्र पूर्ण वर्षाची भरावी लागते.
• आमच्या गावात पाणी रोज येत नाही, म्हणून सकाळची शाळा असली की मुली उशिरा येतात.

‘कारण’ने मूळ शोधलं जातं, ‘पण’ने विरोध दिसतो, ‘म्हणून’ने परिणाम कळतो. रोज पाच मिनिटं, एक विधान, तीन वाक्यं. मराठीच्याच तासाला हवं असंही नाही. इतिहासाच्या सरांनी किंवा विज्ञानाच्या बाईंनी केलं तर अधिक चांगलं.

लेखन कसं शिकवावं यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये ‘रायटिंग नेक्स्ट’ या अहवालात घेतला. चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांचा त्यात विचार होता. आखणी, लेखन आणि दुरुस्ती यांच्या पायऱ्या स्पष्ट शिकवल्या तर सर्वाधिक फायदा होतो, असं त्यात दिसलं. नुसतं सुटं व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारत असल्याचं मात्र दिसलं नाही.

एक विषय घेऊन दाखवा ना!

घेऊ. समजा, नववीच्या मुलांनी विषय निवडला : संध्याकाळच्या एसटीची वेळ बदलावी. शाळा पाचला सुटते, गाडी पावणेपाचला निघते, पुढची थेट पावणेसातला. त्यामुळे लांबच्या वाडीवरच्या मुली शेवटचा तास अर्धवट सोडतात.

पहिला मसुदा बहुतेक असा येईल :

‘एसटी ही ग्रामीण भागाची जीवनवाहिनी आहे. पण आज तिच्या वेळेमुळे आम्हा विद्यार्थिनींचे अतोनात हाल होत आहेत. शिक्षण हा आमचा हक्क आहे. तरी प्रशासनाने याकडे लक्ष द्यावे.’

वाचायला बरं आहे, पण आगारप्रमुखांच्या टेबलावर असे कागद बरेच येत असतील. यातून त्यांना नेमकं काय करायचं ते कळत नाही.

आता शिक्षकांनी चार प्रश्न विचारायचे.

एक, हे कुणाला पटवायचं आहे? आगारप्रमुखांना. त्यांना कशाची काळजी असते? गाडी किती भरते, चालक-वाहकाची ड्युटी कधी संपते, ती गाडी पुढे कुठे जाते.

दोन, पुरावा काय आणि तो कसा मिळवणार? मुलांनी आठवडाभर वही ठेवायची. रोज किती मुली शेवटचा तास सोडतात, पावणेपाचच्या गाडीत किती जण बसतात, पावणेसातपर्यंत किती जणी थांबतात. हा आकडा इंटरनेटवर मिळणार नाही, तो मोजावाच लागेल. मोजलेला आकडा लिहिताना मुलांच्या वाक्यात येणारा ठामपणा पाठ केलेल्या वाक्यात येत नाही.

तीन, समोरचा काय म्हणेल? ‘गाडी उशिरा सोडली तर पुढच्या गावचे बाजारहाटाचे प्रवासी खोळंबतील.’ हा आक्षेप खरा आहे. तो झाकून ठेवला तर वाचणाऱ्याच्या मनात राहतोच. म्हणून तो आपणच लिहायचा.

चार, नेमकं मागणं काय? ‘लक्ष द्यावे’ हे मागणं नाही. ‘शाळेच्या दिवशी गाडी पाच वाजून दहा मिनिटांनी सोडावी’ हे मागणं आहे.

मग दुसरा मसुदा असा होऊ शकतो :

‘पावणेपाचची गाडी शाळेच्या दिवशी पंचवीस मिनिटं उशिरा सोडावी, अशी आमची विनंती आहे. गेल्या आठवड्यात आम्ही रोज नोंद ठेवली. दररोज सरासरी अठरा मुलींनी ही गाडी पकडण्यासाठी शेवटचा तास सोडला. शेवटचा तास बहुतेक दिवशी गणिताचा असतो. गाडी उशिरा सुटली तर पुढच्या गावच्या प्रवाशांना थांबावं लागेल, हे आम्हाला मान्य आहे. पण त्यांच्यासाठी हा उशीर पंचवीस मिनिटांचा आहे आणि मुलींसाठी पुढची गाडी दोन तासांनंतर आहे. बाजाराच्या दिवशी जुनीच वेळ ठेवली तरी चालेल, त्या दिवशी शाळा शेवटचा तास खेळाचा ठेवू शकते.’

यात एकही अलंकार नाही. पण वाचणाऱ्याला ‘नाही’ म्हणायचं असेल, तर आता त्यालाही कारण द्यावं लागेल.

या सरावात कधीकधी आणखी एक गोष्ट घडते. नोंदी ठेवताना मुलांच्या लक्षात येतं, की एसटीची वेळ बदलण्यापेक्षा शाळाच अर्धा तास लवकर भरवणं सोपं आहे. मग पत्राचा पत्ताच बदलतो, आगारप्रमुखांऐवजी मुख्याध्यापक. पुरावा गोळा करताना स्वतःचं मत बदलणं ही या शिक्षणातली सगळ्यात मोठी कमाई म्हणायला हवी.

मुलं कुठे चुकतात?

• ‘सगळेच म्हणतात’, ‘जगजाहीर आहे’ हे पुरावा म्हणून लिहितात.
• एका उदाहरणावरून सगळ्यांबद्दल बोलतात. ‘माझा भाऊ मोबाईलमुळे नापास झाला, म्हणून मोबाईल वाईट.’
• मुद्द्याऐवजी माणसावर घसरतात. ‘असं म्हणणाऱ्यांना गरिबी काय माहीत?’
• दोनच पर्याय समोर ठेवतात. ‘मोबाईल तरी द्या, नाहीतर आम्ही मागे पडू.’
• विरोधकाचा सगळ्यात कच्चा मुद्दा निवडून तोच खोडतात. पक्क्या मुद्द्याला हातच लावत नाहीत.

शेवटच्या चुकीवर एक चांगला उपाय आहे. वर्गाच्या दोन बाजू करायच्या, दहा मिनिटं वाद घालू द्यायचा आणि मग बाजू बदलायला लावायच्या. आता आपल्याच मघाच्या मुद्द्यांना उत्तर द्यायचं. वक्तृत्व स्पर्धेची हौस असलेल्या शाळांत हा खेळ लगेच रंगतो, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात.

साठ वह्या तपासायच्या कशा?

प्रत्येक वेळी पूर्ण निबंध लिहून घेण्याची गरज नाही. आठवड्याला एकच परिच्छेद पुरतो. तोही आधी शेजारच्याने तपासायचा, चार प्रश्नांवर :

• लेखकाचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं का?
• निदान एक पुरावा आहे का, आणि तो कुठून आला ते कळतं का?
• विरोधी बाजूचा एक खरा मुद्दा आहे का?
• शेवटी काय करायला हवं ते सांगितलं आहे का?

चार ‘हो’ असतील तरच वही शिक्षकांकडे जाईल, नाहीतर परत लेखकाकडे. यात शिक्षकांचा वेळ वाचतो. शिवाय दुसऱ्याच्या लिखाणातली फट दिसायला लागली, की स्वतःच्या लिखाणातलीही दिसते.

बोर्डात असं लिहिलं तर गुण कमी होतील का?

पालकांचा आणि मुलांचा खरा धसका हाच असतो. पेपर तपासणाऱ्याला माझं मत पटलं नाही तर?

वैचारिक लेखनात विचारांची मांडणी, मुद्द्यांचा क्रम आणि भाषा पाहिली जाणं अपेक्षित आहे. ठाम मत म्हणजे आक्रस्ताळं मत नव्हे. कारणं दिलेली असतील आणि विरोधी मुद्द्याचाही मान राखलेला असेल, तर लेखन समतोलच दिसतं. उलट एकामागोमाग तेच निबंध वाचणाऱ्या परीक्षकाला स्वतः पाहिलेलं एखादं उदाहरण वेगळं जाणवू शकतं.

परीक्षेत वेळ थोडा असतो. म्हणून पहिली तीन मिनिटं कच्च्या आखणीला द्यावीत. म्हणणं, दोन कारणं, प्रत्येकाला एक उदाहरण, एक आक्षेप आणि त्याचं उत्तर, शेवटी मागणं. एवढं कोपऱ्यात लिहिलं, की उरलेल्या वेळात वाक्यं भराभर सुचतात. विषय अनोळखी आला तरी घाबरायला होत नाही, कारण पाठ काहीच केलेलं नसतं, त्यामुळे विसरण्याचीही भीती नसते.

एआय निबंध लिहून देत असेल तर हे कशाला शिकायचं?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाला पडला आहे. ‘मोबाईल शाप की वरदान’ हा निबंध एआय काही सेकंदांत लिहून देतं, आणि तो गाइडमधल्या निबंधाहून फार वेगळा नसतो.

पण तुमच्या थांब्यावर पावणेपाचच्या गाडीत किती मुली चढतात, हे त्याला माहीत नाही. विचारलं तर ते एखादा आकडा ठोकूनही देईल, आणि तो खोटा असू शकतो. म्हणून निबंधाचे विषय जितके गावातले, वर्गातले, मोजून पाहण्याजोगे असतील, तितकी नक्कल अवघड. कच्चा मसुदा वर्गातच हाताने लिहून घेतला तर आणखी बरं.

वापरायचंच असेल तर एआयला विरोधक म्हणून बसवता येईल. आपलं म्हणणं सांगायचं आणि विचारायचं, ‘यावर सगळ्यात कडक आक्षेप कोणता?’ उत्तर मात्र स्वतः लिहायचं.

घरी पालक काय करू शकतात?

मुलगी म्हणाली, ‘आई, मला सहलीला जायचंय,’ तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. तिला अर्धं पान लिहून आणायला सांगा. खर्च किती, सोबत कोण, परत कधी येणार, तुम्हाला कशाची काळजी वाटेल आणि तिचं त्यावर उत्तर काय.

मग ते खरंच वाचा. तिचं म्हणणं पटलं तर परवानगी द्या. नाही पटलं तर कोणत्या ओळीपाशी अडलं ते दाखवा आणि दुसरा मसुदा आणायला सांगा. लिहिल्याने काहीतरी बदलू शकतं, हा अनुभव मुलांना एकदा तरी मिळायला हवा. तो घरात मिळाला, तर उद्या ग्रामसभेत किंवा ऑफिसात कागद पुढे करताना त्यांचा हात कचरणार नाही.